ओठांवरचं पोटात: 'नॅचरल' लिपस्टिक निवडताना

आजचा विषय ओठांचा. लिपस्टिक, लिपबाम, ग्लॉस, टिंट, जे काही आपण ओठांना लावतो त्याचा, आणि त्या डबीवर हिरव्या पानाच्या चित्रासोबत छापलेल्या 'नॅचरल' या शब्दाचा. मी बडोद्यात राहते, बरीच वर्षं रसायनशास्त्र शिकवते आहे, त्यामुळे नात्यातल्या, ओळखीतल्या बायका दुकानात उभ्या राहून मला फोन करतात: "ताई, यात केमिकल नाही ना?" मी दरवेळी सांगते की पाणीसुद्धा केमिकलच आहे. त्यावर पलीकडून उसासा ऐकू येतो. मग मी शिकवणं थांबवते आणि विचारते, डबीच्या मागे बारीक अक्षरांत काय लिहिलंय ते वाचा बघू.

आज तेच बारीक अक्षरांतलं वाचायचं आहे. गालाला लावलेली वस्तू गालावर राहते, ओठांना लावलेली मात्र चहाबरोबर, पोळीबरोबर, बोलता बोलता जीभ फिरवताना थोडी थोडी पोटात जाते. शिवाय ओठांची कातडी निराळी असते. तिचा वरचा मृत पेशींचा थर फार पातळ, तिथे घामाच्या ग्रंथी नाहीत, तेलाच्या ग्रंथी जवळजवळ नाहीतच, आणि मेलॅनिनही कमी. म्हणून ओठ लवकर सुकतात, लवकर भाजतात आणि लावलेल्या गोष्टीवर लवकर चिडतात.

पोटात किती जातं? "बाई आयुष्यभरात किलोकिलोने लिपस्टिक खाते" असं आपण सगळ्यांनीच ऐकलंय. हिशोब करू. अमेरिकेत झालेल्या वापराच्या अभ्यासात लिपस्टिक वापरणाऱ्या बाया दिवसाला सरासरी २४ मिलिग्रॅम लावतात असं दिसलं, वारंवार लावणाऱ्या साधारण ८७ मिलिग्रॅम. चोवीसचा आकडा धरला आणि सगळीच्या सगळी गिळली असं मानलं, तरी वर्षाला नऊ ग्रॅमच्या आत. पन्नास वर्षं रोज लावली तर साडेचारशे ग्रॅमही होत नाही. म्हणजे किलोकिलोने नाही, पण अगदी शून्यही नाही. आणि ती रोज जाते, म्हणून आत काय आहे हे विचारणं रास्त आहे.

आता लिपस्टिकच्या आत डोकावू. कुठल्याही कांडीत मुळात तीन गोष्टी असतात: कांडी उभी ठेवणारं मेण, ते ओठांवर सरकवणारं तेल, आणि रंग. बाकी वास, चमक, तेल खवट होऊ नये म्हणून थोडंसं काही. ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. वात्स्यायनाच्या कामसूत्रात शहरी रसिक माणसाची दिनचर्या सांगितली आहे, त्यात ओठांना मेण आणि अळता लावून आरशात बघण्याचा उल्लेख येतो. मेण आणि रंग, म्हणजे लिपस्टिकच झाली. आणि हे पुरुषाच्या प्रसाधनात सांगितलंय, हे जाता जाता लक्षात घ्या. आपल्या आज्या कपाळावर आधी मेणाचं बोट टेकवायच्या आणि त्यावर कुंकू बसवायच्या, ते तंत्रही हेच: मेण धरून ठेवतं, रंग बसतो.

मेणांमध्ये मधमाशांचं मेण सगळ्यांत परिचित. ते ६२ ते ६४ अंशांना वितळतं. ब्राझीलमधल्या एका ताडासारख्या झाडाच्या पानांवरचं कार्नोबा मेण ८० अंशांच्या वर वितळतं आणि फार कडक असतं, म्हणून ते थोडंच घालतात. मेक्सिकोकडच्या वाळवंटी झुडपाचं कँडेलिला मेण या दोघांच्या मधलं. मधमाशांचं मेण नको असणाऱ्यांसाठी शेवटची दोन कामाची आहेत. तेलांमध्ये राजा म्हणजे आपलं एरंडेल. ते दाट असतं, चकाकतं आणि रंगाचे कण छान धरून ठेवतं. जगात सर्वांत जास्त एरंडी भारतात पिकते आणि त्यातली बहुतेक आमच्या गुजरातेत. तेव्हा पॅरिसच्या नावाने विकल्या जाणाऱ्या कांडीतही मेहसाण्याकडचं तेल असू शकतं.

याला पर्याय म्हणून खनिज तेलापासून आलेले पदार्थ वापरतात. लेबलावर ते पॅराफिन, मायक्रोक्रिस्टलाइन वॅक्स, मिनरल ऑइल, पेट्रोलॅटम, पॉलिब्युटीन अशा नावांनी दिसतात. ज्यांना वनस्पतीजन्य वस्तूच हवी आहे त्यांनी ही नावं दिसली की डबी खाली ठेवावी. पण भीतीपोटी नको, आवड म्हणून ठेवा. कारण नीट शुद्ध केलेल्या पेट्रोलियम जेलीची अ‍ॅलर्जी फार म्हणजे फार क्वचित येते. त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर पट्ट्या चिकटवून अ‍ॅलर्जीची तपासणी करतात ना, त्या पट्ट्यांवरचे बरेचसे पदार्थ याच जेलीत कालवलेले असतात. ती स्वतः चिडवत नाही म्हणूनच.

उलट नैसर्गिक पदार्थ चिडवू शकतात. आमच्याच इमारतीतली कॉलेजात जाणारी एक मुलगी सहा महिने फुटलेले ओठ घेऊन फिरत होती. कडा लाल, कोपऱ्यात चिरा, हसली की रक्त. 'शंभर टक्के नैसर्गिक' म्हणून एक बाम लावत होती आणि फुटतात म्हणून आणखी लावत होती. त्यात पुदिन्याचं तेल होतं आणि दालचिनीचंही. ओठांना जो गार झिणझिण वाटतो, किंवा जरा सुजून भरल्यासारखे दिसतात, ते याच तेलांचं काम. डॉक्टरांनी बाम बंद करून साधी पेट्रोलियम जेली दिली आणि तीन आठवड्यांत ओठ सरळ झाले. तिच्या आईचा यावर अजून विश्वास बसलेला नाही, कारण एक वस्तू 'झाडाची' आणि दुसरी 'पेट्रोलची'.

म्हणून माझा पहिला सल्ला रंगाबद्दलचा नाही, वासाबद्दलचा आहे. ओठांसाठी वास नसलेली वस्तू घ्या. पुदिना, दालचिनी, लवंग, लिंबूवर्गीय तेलं, 'परफ्यूम' असा मोघम शब्द, यातलं काहीही नको. प्रोपोलिस म्हणजे मधमाशांचा डिंक आणि लॅनोलिन म्हणजे लोकरीची चरबी, दोन्ही नैसर्गिक, दोन्हींची काहींना अ‍ॅलर्जी असते. एरंडेलाचीसुद्धा असते, कमी लोकांना, पण असते. नवीन काही आणलं तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला चार-पाच दिवस लावून बघा. आणि ते लिंबू! ओठांचा काळेपणा घालवायला लिंबू चोळून उन्हात जायचं, हे कोणी शिकवलं कोण जाणे. लिंबाच्या सालीत असे पदार्थ असतात की ते कातडीवर असताना ऊन लागलं तर कातडी भाजल्यासारखी होते आणि नंतर जास्तच काळी पडते.

आता रंग. खरी गंमत इथे आहे आणि खरी फसवणूकही.

'नैसर्गिक लाल' म्हणून लिपस्टिकमध्ये सर्वांत जास्त वापरला जाणारा रंग म्हणजे कारमाइन. तो येतो कोचिनियल नावाच्या किड्यापासून. फड्या निवडुंगाच्या पानांवर हा किडा राहतो. मादी गोळा करायच्या, मारायच्या, वाळवायच्या आणि त्यांतला लाल अर्क काढायचा. एक पौंड वाळलेल्या मालाला साधारण ७०,००० किडे लागतात असं सांगितलं जातं. आज याचा सर्वांत मोठा उत्पादक पेरू देश. अठराव्या शतकाच्या अखेरीला ईस्ट इंडिया कंपनीने मद्रासेत निवडुंगाची बाग करून हा धंदा भारतात आणायची खटपट केली होती. स्पेनची मक्तेदारी मोडायची होती, पण ते जमलं नाही.

मला एका आजींनी विचारलं होतं. वय सत्तरीच्या पुढे, कांदा-लसूणही न खाणाऱ्या, नातीच्या लग्नासाठी पहिल्यांदाच हलकी लिपस्टिक लावणार होत्या. "नैसर्गिक लिहिलंय म्हणजे मला चालेल ना?" मी म्हटलं, उलट आहे हो आजी, नैसर्गिक लाल लिहिलं असेल तरच जास्त तपासा. लेबलावर 'कारमाइन', 'कोचिनियल' किंवा सीआय ७५४७० असं दिसलं तर तो किड्याचा रंग. काहींना त्याची तीव्र अ‍ॅलर्जीही येते. क्वचित येते, पण अमेरिकेत याच कारणासाठी २०११पासून खाद्यपदार्थांवर आणि सौंदर्यप्रसाधनांवर त्याचं नाव स्पष्ट छापणं सक्तीचं आहे. आजींनी शेवटी सिंथेटिक रंगाची घेतली. त्यांच्या व्रताला तीच बसत होती.

आपली लाखही किड्याचीच बरं का. झारखंड, छत्तीसगडात पळस, बोर, कुसुंब या झाडांवर लाखेचे किडे वाढवतात. त्यातून राळ मिळते, तिचं शेलॅक होतं, आणि लाल रंग मिळतो तो जुना अळता.

मग झाडाचा लाल रंग नाहीच का? आहे, पण त्याच्या अडचणी आहेत. बिटाचा रंग सगळ्यांना सुचतो. बीट किसायचं, रस काढायचा, तुपात किंवा खोबरेल तेलात कालवायचा. करून बघितलंय ना? लाल थेंब तळाशी, तेल वरती. बिटाचा रंग पाण्यात विरघळतो, तेलात नाही. शिवाय तो उन्हाने आणि उष्णतेने फिका पडतो. आणि डबीत पाणी आलं की बुरशीला आमंत्रण. मेण-तेलाच्या वस्तूला परिरक्षक लागत नाही ते तिच्यात पाणी नसतं म्हणून, आणि बिटाचा रस घालून आपण नेमकं तेच बिघडवतो. एका संध्याकाळपुरतं बीट ओठांवर चोळायला माझी हरकत नाही. साठवायला आहे.

हळद आणि चुन्यापासून लाल कुंकू होतं, मग तेच ओठांना का नको? कारण तो लाल रंग चुन्याच्या अल्कधर्मी गुणावर टिकून असतो. ओठांवर लाळ लागली की परत पिवळा. आणि चुना ओठांना झोंबणार ते वेगळंच. विडा खाऊन ओठ रंगवायची जुनी रीत त्याच चुन्याची, काताबरोबरची. दिसते सुंदर, पण सुपारी कर्करोगकारक आहे हे आता पक्कं झालंय. सुपारीत सिंथेटिक काहीच नसतं.

तेलात विरघळणारे दोन वनस्पतीरंग मला पटतात. एक शेंद्री. तिच्या बियांवरचा नारिंगी रंग तेलात छान उतरतो. इंग्रजीत तर या झाडाला लिपस्टिकचं झाडच म्हणतात. लेबलावर अ‍ॅनॅटो किंवा सीआय ७५१२० असं शोधा. दुसरं रतनजोत. काश्मिरी रोगनजोशला लाली येते ती या मुळाच्या सालीने. इथे एक धोक्याची सूचना, विशेषतः उत्तरेकडच्या मंडळींना: हिंदीत जट्रोफालाही रतनजोत म्हणतात, म्हणजे आपलं मोगली एरंड, आणि त्याच्या बिया विषारी आहेत. तेव्हा स्वयंपाकाच्या मसाल्यातली, जांभळट लाल सालीची मुळंच घ्या. बी किंवा तिचं तेल कोणी देऊ केलं तर हात जोडा.

खनिज रंगांकडे वळू. लोह ऑक्साइड म्हणजे गेरूच्या जातीचे तांबडे, पिवळे, काळे रंग. लेबलावर सीआय ७७४९१, ७७४९२, ७७४९९. तपकिरी, विटकरी, 'न्यूड' छटा यांच्यावरच चालतात. गेरू मातीतून येतो, तेव्हा हा नैसर्गिक म्हणावा? प्रसाधनांत वापरला जातो तो बहुधा कारखान्यात तयार केलेला असतो, आणि तसाच असावा. खाणीतल्या गेरूबरोबर शिसं आणि आर्सेनिक येऊ शकतं. कारखान्यात तोच रेणू त्यांच्याशिवाय बनवता येतो. हिंगूळ जमिनीतूनच निघतो आणि तो पाऱ्याचा. शेंदूर हा शिशाचा ऑक्साइड, त्याच्या वजनात नव्वद टक्के शिसंच.

शिशावरून आठवलं. लिपस्टिक हातावर ओढायची, तिच्यावर सोन्याची अंगठी घासायची, काळी रेघ आली तर शिसं आहे, असा निरोप तुमच्या घरच्या ग्रुपवरही आला असेल. खोटं आहे. धातू मेणावर घासला की काळपट रेघ येऊ शकते, तिचा शिशाशी संबंध नाही. शिसं प्रयोगशाळेतच मोजता येतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ४०० लिपस्टिक तपासल्या तेव्हा सरासरी दहा लाख भागांत १.११ भाग शिसं निघालं, जास्तीत जास्त ७.१९. भारतीय नियमांत प्रसाधनांच्या रंगांसाठी शिशाची मर्यादा दहा लाखांत २० भाग आहे, आर्सेनिकची २. पण ही मर्यादा पाळली जाते ती परवाना असलेल्या कारखान्यात. स्टेशनबाहेर तीस रुपयांना मिळणाऱ्या, ना उत्पादकाचा पत्ता, ना बॅच क्रमांक अशा कांडीला ती कोण लावणार? म्हणून नैसर्गिक की सिंथेटिक हे विचारण्याआधी डबीवर उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच आणि मुदत आहे का ते बघा. एवढ्या एका गोष्टीने निम्मा धोका टळतो असं माझं मत आहे.

सिंथेटिक सेंद्रिय लाल, उदाहरणार्थ सीआय १५८५०, हे आज बहुतेक चमकदार लाल-गुलाबी कांड्यांत असतात. नियमांत मान्य आहेत. ज्यांना नको असतील त्यांच्यासाठी एक ढोबळ खूण सांगते: सीआयनंतरचा आकडा ७५ने सुरू झाला तर मूळ वनस्पती किंवा प्राणी, ७७ने सुरू झाला तर खनिज प्रकार, बाकीचे बहुतेक सिंथेटिक सेंद्रिय. आता ही खूण एका वस्तूवर वापरून बघा. बाजारात हिरव्यागार रंगाची 'अ‍ॅलोव्हेरा' लिपस्टिक मिळते. कांडी हिरवी, ओठांवर लावली की दोन मिनिटांत गुलाबी, आणि म्हणे प्रत्येकीच्या ओठांप्रमाणे वेगळी छटा. कोरफडीत असला कुठलाही गुण नाही. यात सीआय ४५४१० किंवा ४५३८० असे रंग असतात. मेणात ते जवळजवळ दिसत नाहीत, ओठांचा ओलावा लागला की गुलाबी होतात. कांडीचा हिरवा रंगही वेगळा घातलेला. वापरायला बंदी नाही, पण कोरफडीच्या नावाने जास्त पैसे देऊ नका.

चमकीचं थोडं सांगते, आणि हे मला मनापासून खुपतं. ग्लॉसमधली मोत्यासारखी झाक बहुतेक वेळा अभ्रकाची असते, लेबलावर मायका किंवा सीआय ७७०१९. आपलं अभ्रक झारखंडातल्या कोडरमा, गिरिडीह भागातून येतं. तिथल्या सोडून दिलेल्या खाणींत घरचीच मुलं अरुंद बिळांत शिरून, ढिगारे उकरून अभ्रकाचे पापुद्रे गोळा करतात, हे पत्रकारांनी आणि संस्थांनी वारंवार समोर आणलंय. दरड कोसळून त्यांतली काही गेलीसुद्धा. अभ्रक शंभर टक्के नैसर्गिक आहे. कारखान्यात बनणारं कृत्रिम अभ्रक लेबलावर सिंथेटिक फ्लोरफ्लोगोपाइट या अवघड नावाने येतं. मी तेच घेते, नाहीतर चमक नसलेली कांडी घेते.

'नॅचरल' हा शब्द मोजण्यासाठी आयएसओ १६१२८ नावाची मार्गदर्शिका आहे. घटकांत किती टक्के नैसर्गिक मूळ आहे हे कसं मोजावं ते ती सांगते. वस्तू सुरक्षित आहे की नाही, डबीवर काय दावा करावा, यात ती पडत नाही. तेव्हा '९५ टक्के नॅचरल' वाचलं की माझं लक्ष उरलेल्या पाचकडे जातं, कारण रंग आणि वास बहुधा त्यातच असतात. घटकांची यादी जास्तीकडून कमीकडे लिहिलेली असते. पुढच्या बाजूला कोकमाचं चित्र आणि यादीत कोकम तळाशी, असं दिसलं की समजून जायचं.

कोकमावरून घरगुती बामचं सांगून टाकते. कोकणात कोकमाच्या बियांचं तेल काढून त्याचे गोळे करून ठेवतात, मुठेल म्हणतात त्याला. थंडीत टाचा आणि ओठ फुटले की तेच. घरात घट्ट राहतं आणि ३८-४० अंशांना, म्हणजे ओठांवर चोळता चोळता, मऊ होतं. दहा ग्रॅम मधमाशांचं मेण, दहा ग्रॅम कोकमतेल, वीस ग्रॅम तिळाचं किंवा एरंडेल तेल. पातेल्यात पाणी उकळत ठेवून त्यात कोरडी वाटी धरायची, मेण आधी वितळवायचं, मग बाकीचं. रंग हवा तर आधी तेलात रतनजोतीचा तुकडा मंद आचेवर गरम करून, गाळून घ्यायचा. भांडी, चमचा, डबी सगळं खडखडीत कोरडं. नागपूर, इंदूर, दिल्लीकडच्या मंडळींनी उन्हाळ्यात मेण पंधरा ग्रॅम करावं, नाहीतर मे महिन्यात पर्समध्ये तेलच सापडेल. बंगळूरला दहा पुरे. तीन-चार महिन्यांत संपवा, आणि खवट वास आला तर आधीच टाका.

रात्री झोपताना साजूक तूप लावलं तरी चालतं, हे सांगायला माझी गरज नाही.

पुढच्या भागात काजळ घेऊ. तोवर घरात जी लिपस्टिक असेल तिची डबी उलटी करून तिच्यावरचे सीआय आकडे एका कागदावर लिहून ठेवा. डोळ्यांच्या वस्तूंवरही त्यांतले बरेचसे पुन्हा भेटणार आहेत.